आवाज एकाचा, किंमत सर्वांची

मोटरसायकलचे मराठी नामकरण ‘फटफटी’ असे झाले. यंत्राला नाव मिळाले ते त्याच्या वेगावरून नव्हे, उपयोगावरूनही नव्हे, तर आवाजावरून. पुढे अभियंत्यांनी कित्येक दशके खपून ही फटफट कमी केली. पुण्यातील ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था १९६६ पासून उभी आहे. नव्या बनावटीच्या गाड्यांचा धूर, ब्रेक आणि आवाज अशा संस्थांच्या प्रयोगशाळांत मोजला जातो व तो मर्यादेत असेल तरच ती बनावट विक्रीला येते. आणि मग अशी तपासून पारखून आलेली गाडी एखादा तरुण कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नेतो, कंपनीचा सायलेन्सर काढून ठेवतो, त्या जागी बाजारात ज्याला ‘फटाका’ किंवा ‘इंदोरी’ म्हणतात ते नळकांडे बसवतो, आणि अर्ध्या तासात फटफटीला तिचे मूळ नाव परत मिळते. समाजाने मोठ्या खर्चाने मिळवलेली शांतता एका पान्याने सोडवून ठेवली जाते.

अमरावतीत राजकमल चौकापासून पंचवटीपर्यंतचा रस्ता घ्या किंवा अकोल्यातील गोरक्षण रोड घ्या. एमएच २७ आणि एमएच ३० या क्रमांकांच्या काही गाड्यांचा हा गडगडाट रात्री दहानंतरही ऐकू येतो. पोलीस अधूनमधून मोहीम काढतात. महाराष्ट्रातील कित्येक शहरांत जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवर रोडरोलर फिरवला जातो, वृत्तपत्रांत छायाचित्र येते आणि काही दिवसांत सारे पूर्ववत सुरू होते. हा प्रश्न केवळ पोलिसांचा व शिस्तीचा आहे असे आपण धरून चाललो आहोत. वस्तुतः तो तितकाच अर्थशास्त्राचा आहे. स्वतःच्या हौसेचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर मांडण्याची मुभा कुणाला असावी काय, हा त्याचा एक भाग. आणि तरुणांच्या हातात जे यांत्रिक कौशल्य आहे त्याचे आपण काय करतो, हा दुसरा.

आवाज म्हणजे शक्ती नव्हे

या हौसेच्या मुळाशी एक समजूत आहे. सायलेन्सर हा गाडीच्या घशातला बोळा आहे. तो काढला की इंजिन मोकळा श्वास घेते व गाडीची ताकद वाढते, अशी ती समजूत. तिच्यात तथ्य किती आहे हे आधी पाहिले पाहिजे, कारण एखादी चूक केवळ चूक म्हणून टिकत नसते. तिच्यात सत्याचा कुठेतरी अंश असतो म्हणून ती टिकते.

चार-स्ट्रोक इंजिनात इंधन जळून पिस्टन खाली गेल्यावर निकासाची झडप उघडते, तेव्हा सिलिंडरमधील वायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक दाबाखाली असतो. तो एकदम सुटतो आणि हवेला ठोसा बसतो. इंजिनाचे मिनिटाला ६००० फेरे होत असतील तर एका सिलिंडरच्या गाडीत असे ३००० ठोसे, म्हणजे सेकंदाला ५० ठोसे बसतात. सायलेन्सरमधील कप्पे, छिद्रांच्या नळ्या आणि ध्वनी शोषणारे तंतू यांचे काम एवढेच की, या लाटा आतल्या आत एकमेकींवर आपटून विराव्यात. यात वायूच्या वाटेला थोडा अडथळा होतो हे खरे. परंतु इंजिनाची शक्ती मुख्यतः ठरते ती ते किती हवा आत घेऊन किती इंधन नीट जाळू शकते यावर. पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण आजच्या गाडीत एक छोटा संगणक सांभाळतो आणि निकासनळीत बसवलेला संवेदक त्याला क्षणोक्षणी खबर देत असतो. नळी बदलली आणि बाकी सारे तसेच ठेवले, तर पदरी पडणारी शक्ती नाममात्र असते. कित्येकदा कमी वेगातली ओढ उलट घटते. खरोखरीच शक्ती वाढवायची तर हवेचा मार्ग, झडपांची वेळ, इंधनाचा हिशेब आणि शक्य तर टर्बोचार्जर या सर्वांचा एकत्र विचार करावा लागतो. आणि गंमत अशी की, टर्बोचार्जर निकासवायूतील ऊर्जाच वापरून घेत असल्याने तो आवाज वाढवीत नाही, थोडाफार कमीच करतो.

मग ही समजूत आली कोठून? माझ्या मते तिचे मूळ दोन-स्ट्रोक गाड्यांच्या काळात आहे. १९८५ ते १९९६ या काळात निघालेली यामाहा आरएक्स १०० आजही आमच्या भागात जिवापाड जपली जाते. अशा इंजिनाला निकासाची झडप नसते. निकासनळीचा फुगीर व निमुळता आकारच दाबाची लाट परत फिरवून, निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलतो. तेथे नळीच्या आकारात खरोखरच शक्ती दडलेली होती आणि जाणता मिस्त्री ती बाहेर काढीत असे. ती पिढी गेली, ते इंजिन गेले, पण तिचा सिद्धांत मागे राहिला. पाया बदलल्यावरही जुने सूत्र चालवीत राहणे हा दोष केवळ गॅरेजचा नाही. आपल्या विद्यापीठांतही तो आढळतो.

नळी बदलताना आणखी एक वस्तू बहुधा कचऱ्यात जाते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या गाड्यांत निकासमार्गावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंच्या साह्याने तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर कमी घातक वायूंत करतो. ग्राहकाने गाडीच्या किमतीत ज्याचे पैसे मोजले, तेच यंत्र काढून टाकण्यासाठी तो पुन्हा पैसे मोजतो. व्यवहारी म्हणून आपला लौकिक असलेल्या वऱ्हाडी माणसाने हा सौदा एकदा कागदावर मांडून पाहावा.

श्रीमंतांचा आवाज आणि गरिबांचा आवाज

हा नाद फक्त दुचाकीवाल्यांचा आहे असे समजणे अन्यायाचे होईल. महागड्या स्पोर्ट्स मोटारींच्या जगात आवाज हा स्वतंत्र विक्रेय माल आहे. हार्ले-डेव्हिडसन या अमेरिकन कंपनीने १९९४ मध्ये आपल्या गाडीच्या आवाजाचीच व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मागितली होती. विरोध झाल्यावर २००० मध्ये तिने तो अर्ज सोडून दिला. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत २०१४ साली मोठ्या इंजिनांच्या जागी १.६ लिटरची संकरित टर्बो इंजिने आली, तेव्हा ती अधिक कार्यक्षम असूनही ‘आवाज गेला’ म्हणून प्रेक्षक हळहळले. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ मोटारीत तर इंजिन इतके सभ्य झाले होते की, त्याचा आवाज ध्वनिवर्धकांतून बैठकीत पुरवावा लागला. आता विजेच्या मोटारी इतक्या निःशब्द झाल्या आहेत की, पादचाऱ्याला चाहूल लागावी म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून नव्या बनावटीच्या अशा मोटारींना कमी वेगात कृत्रिम आवाज सक्तीचा केला. आवाज आणि शक्ती यांची फारकत झाल्याचा याहून उघड पुरावा कोणता हवा?

पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ च्या पहाटे ज्या पोर्शे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते प्राणास मुकले, ती विजेवर चालणारी होती. शक्ती घातक ठरण्यासाठी तिने गर्जना करावी लागत नाही. वेग दीडपट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा सव्वादोनपट होते आणि थांबण्यासाठी ब्रेकला तेवढेच अधिक काम करावे लागते, हे शाळेतले भौतिकशास्त्र आहे. मूळ शक्तीला साजेसे ब्रेक, टायर आणि सांगाडा तसेच ठेवून केवळ इंजिनाचा जोर वाढवणे म्हणजे कच्च्या भिंतीवर मजला चढवण्यासारखे आहे.

तथापि येथे एक विषमता नजरेआड करता येत नाही. श्रीमंताच्या स्पोर्ट्स मोटारीत निकासमार्गावर झडप असते. बटण दाबले की ती उघडते आणि मोटार गुरगुरू लागते. तो आवाज कारखान्याने बसवलेला, म्हणून प्रमाणित. गॅरेजमधून नळकांडे बसवून घेणारा मुलगा मात्र दंडाला पात्र. नियम मोडणाऱ्याला सोडावे असे मी म्हणत नाही. परंतु रस्त्यावरच्या माणसाच्या कानाला गाडीची किंमत कळत नाही, त्याला फक्त डेसिबल कळतात. मापनयंत्र लावायचे तर ते दोघांनाही लावले पाहिजे. तसेच ते मोटरसायकलींच्या राजकीय फेऱ्यांना आणि मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनाही लावले पाहिजे. नेत्याच्या स्वागताला शंभर गाड्यांचा गडगडाट चालतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एका मुलाची गाडी चौकात अडवली जाते, तेव्हा त्या मुलाच्या मनात कायद्याबद्दल आदर नव्हे, तुच्छता निर्माण होते.

दिखाऊ उपभोग आणि त्याची स्पर्धा

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. वस्तू उपयोगी पडते म्हणून नव्हे, तर ती आपल्यापाशी आहे हे इतरांना दिसावे म्हणून माणसे खर्च करतात, हे त्याचे निरीक्षण. फटाका सायलेन्सर हे या उपभोगाचे विशेष रूप आहे. दागिना पाहायला समोरच्याने नजर वळवावी लागते, आवाजाला त्याचीही गरज नसते. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. म्हणून ज्याला समाजात आवाज नाही, तो नळकांड्यातून आवाज काढतो.

हे वाक्य टीका म्हणून लिहिलेले नाही. पदवी हातात आहे, नोकरी नाही; शेती आहे, पण कापसाच्या भावाचा भरवसा नाही; अशा घरातला मुलगा हप्त्यावर गाडी घेतो, तेव्हा ती त्याची पहिली आणि कदाचित एकमेव अशी वस्तू असते, जिच्यावर त्याची हुकमत चालते. मूठ पिळली की काहीतरी घडते. बाकी साऱ्या जगाची मूठ त्याने कितीही पिळली तरी काही घडत नाही. त्याची ही भूक खरी आहे. तिचे शमन मात्र खोटे आहे, कारण ही स्पर्धा कुणालाच जिंकता येत नाही. गर्दीत एकाने आवाज चढवला तर त्याचे ऐकू जाते. सर्वांनीच चढवला तर कुणाचेच ऐकू जात नाही आणि घसे मात्र सर्वांचे बसतात. गल्लीत एकाच्या गाडीचा आवाज होतो तेव्हा तो ‘भाऊ’ ठरतो. दहा जणांचा झाला की त्याला त्याहून मोठे नळकांडे घ्यावे लागते.

वेगाची आवड वऱ्हाडाला नवी नाही. तळेगाव दशासरचा शंकरपट पाहायला लोक कोसाकोसांवरून जात आले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा शर्यतींवर बंदी घातली आणि पुढे राज्याने कायदा केल्यावर १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्यांना मान्यता दिली. या सर्व काळात शेतकऱ्याने आपला हट्ट सोडला नाही. पण शंकरपटाला ठरलेली धाव असते, ठरलेला दिवस असतो, पंच असतात. आणि पोळ्याच्या बैलांच्या घुंगरमाळा किंवा दमणीच्या बैलांच्या गळ्यातील घाटी ऐकून कुणाची झोप मोडल्याची तक्रार कधी ऐकिवात नाही. आपले आगमन जाहीर करण्याची हौस आपल्या आजोबांनाही होतीच. फरक प्रमाणाचा आणि जागेचा आहे. मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे अगदी संथ चालीने धावे. १९९४ पर्यंत तिला मँचेस्टरहून आलेले वाफेचे इंजिन होते. त्याच मूर्तिजापूरच्या परिसरातून अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालून गिनीज विक्रम नोंदवला गेला. रस्ते वेगवान झाले, गाड्या वेगवान झाल्या. त्यांच्यासाठी लागणारी सामाजिक शिस्त मात्र अजून शकुंतलेच्या चालीने येत आहे.

दुसऱ्याच्या खात्यावरचा खर्च

ए. सी. पिगू या केंब्रिजच्या प्राध्यापकाने १९२० च्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात दाखवून दिले की, एखाद्या कृतीचा खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांत तफावत असते, तेव्हा ती कृती समाजहिताच्या मर्यादेपलीकडे केली जाते. पदवीच्या वर्गात हा मुद्दा शिकवताना कारखान्याच्या धुराचे उदाहरण देण्याची आमची प्रथा आहे. खरे तर खिडकीबाहेरून जाणारी गाडी ते उदाहरण रोजच देत असते. व्याख्यान अर्धे मिनिट थांबते आणि साठ विद्यार्थ्यांचे प्रत्येकी अर्धे मिनिट जाते. रात्रीचा हिशेब याहून मोठा आहे. समजा, ५०० घरांच्या वस्तीतून मध्यरात्री एक गाडी गेली, प्रत्येक घरातील एकाच माणसाची झोप मोडली आणि पुन्हा लागायला १५ मिनिटे गेली, तर त्या एका फेरीत १२५ तासांची झोप खर्ची पडली. गाडीवाल्याला त्या फेरीत मिळालेला आनंद फार तर पाच मिनिटांचा.

येथे डेसिबलचे गणित समजून घेणे आवश्यक आहे, कारण ते साध्या बेरजेचे नाही. दहा डेसिबलने आवाज वाढला याचा अर्थ ध्वनिऊर्जा दहापट झाली. कानाला तो सुमारे दुप्पट भासतो. ध्वनिप्रदूषण नियंत्रण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती दिवसा ५० व रात्री ४० आहे. उत्पादनाच्या टप्प्यावर १७५ सीसीहून मोठ्या दुचाकीला चाचणीत ८० डेसिबलची परवानगी असते. म्हणजे नियमात बसणारी गाडीसुद्धा रात्रीच्या वस्तीला जड जाते. मग सायलेन्सर नसलेल्या गाडीबद्दल काय बोलावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी केलेल्या शिफारशींत रस्त्यावरच्या रहदारीचा रात्रीचा आवाज ४५ डेसिबलखाली ठेवण्यास सांगितले, ते झोपेवरील दुष्परिणामांचा विचार करूनच. अमरावतीत इर्विन रुग्णालय आणि अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय ही दोन्ही भर वस्तीत आहेत. तेथे खाटेवर पडलेल्या माणसाला उठून खिडकी लावण्याचेही त्राण नसते.

यावर नेहमीचे उत्तर असते, ‘गाडी माझी, पैसा माझा, तुम्हाला काय त्याचे?’ गाडी तुझी हे मान्य. रस्ता सर्वांचा आणि कान ज्याचे त्याचे. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या आपल्या गाजलेल्या निबंधात एक जुना इंग्रजी खटला चर्चेला घेतला होता. लंडनमध्ये एका मिठाईवाल्याच्या खलबत्त्याच्या आवाजाने शेजारच्या डॉक्टरला नव्या तपासणीच्या खोलीत काम करता येईना. १८७९ मध्ये निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. कोसचे म्हणणे असे की, हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटीला खर्च येत नसेल, तर दोघे शेजारी आपसांत तोडगा काढू शकतील. तर्क बिनतोड आहे. पण रात्री बारा वाजता साठच्या वेगाने निघून गेलेल्या गाडीशी पाचशे घरांनी वाटाघाट करावी कशी? जेथे सौदा अशक्य असतो तेथे नियम लागतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या ध्वनिप्रदूषणावरील निकालात शांततेने जगण्याचा संबंध घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाशी, म्हणजे जीविताच्या हक्काशी जोडला, तो याच अर्थाने.

आणखी एक युक्तिवाद केला जातो. आवाज मोठा असला की इतरांना गाडी कळते व अपघात टळतो. हा युक्तिवाद पोकळ आहे. निकासाचा आवाज मुख्यतः मागे फेकला जातो. धोका बहुधा समोरून येतो. काचा बंद करून बसलेल्या ट्रकचालकाला तो कळेपर्यंत उशीर झालेला असतो. दुचाकी दिसावी म्हणून तर २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा सतत पेटता ठेवणे बंधनकारक झाले. ज्याला जीव वाचवायचा आहे त्याने हेल्मेट घालावे. डोके उघडे आणि सायलेन्सरही उघडा, अशी जोडी आपल्याकडे जेव्हा दिसते, तेव्हा सुरक्षिततेचा हा कळवळा किती खरा ते कळून येते.

कायदा आहे, अंमल कोठे?

कायद्याची उणीव मुळीच नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, इंधनबदलासारखे काही अपवाद वगळता, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापासून गाडी दूर जाईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठरवली. आवाज व धुराचे निकष मोडल्यास कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवान्यावर गदा, अशी तरतूद आहे.

पण दंडाचा आकडा आणि दंडाची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलेले सूत्र साधे आहे. गुन्हा करणारा दंडाला पकडले जाण्याच्या शक्यतेने गुणून पाहतो. समजा, दंड १००० रुपये आहे आणि शंभर फेऱ्यांत एकदाच पकडले जाण्याची शक्यता आहे, तर एका फेरीची ‘किंमत’ दहा रुपये पडली. पानठेल्यावरच्या एका खर्ऱ्याचाही खर्च याहून अधिक असतो. दंड दुप्पट करण्यापेक्षा पकडले जाण्याची खात्री दुप्पट करणे अधिक परिणामकारक ठरते. मोहिमा वर्षातून दोनदा गाजवण्यापेक्षा आठवड्यातून दोन रात्री चुपचाप तपासणी केली, तर रोडरोलरची गरजही पडणार नाही.

त्यासाठी तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. पहिली, वाहनाची पीयूसी तपासणी होते तेव्हा केवळ धूर मोजला जातो. तेथेच उभ्या गाडीचा आवाजही मोजावा. मापनयंत्र काही फार महागडे नसते. मापन झाले की पोलिसाच्या मर्जीचा प्रश्न राहत नाही आणि ‘आवाज जास्त वाटला’ या सबबीवर होणारी अडवणूकही थांबते. फ्रान्समध्ये २०२२ पासून रस्त्यावरचा आवाज टिपणाऱ्या यंत्रांचे प्रयोग सुरू झाले. आपण निदान पीयूसी केंद्रापासून आरंभ करू. दुसरी, कारवाईचा रोख गाडीवाल्याकडून विक्रेत्याकडे व बसवून देणाऱ्याकडे वळावा. रस्त्यावर वापरण्याची परवानगीच नसलेली वस्तू भर बाजारात दर्शनी मांडून विकली जाते आणि दंड मात्र केवळ घेणारा भरतो, हे न्यायाला धरून नाही. तिसरी, रुग्णालये, महाविद्यालये आणि अभ्यासिका यांच्या परिसरापासून सुरुवात करावी. स्पर्धापरीक्षेसाठी रात्र जागवणारा विद्यार्थी आणि सायलेन्सर उघडून फिरणारा तरुण हे दोघे एकाच बेकारीची अपत्ये आहेत. एकाने आपली रात्र दुसऱ्याच्या भवितव्यावरून न्यावी, हे दोघांचेही दुर्दैव आहे.

हौसेला वाट हवी

केवळ निषेधाने मात्र हा विषय संपत नाही. ज्या मुलाला इंजिन उघडून पुन्हा जोडता येते, कान लावून टॅपेटचा खडखडाट ओळखता येतो, त्याच्या हातात एक विद्या आहे. आपण तिला विद्या म्हणत नाही, हे आपल्या शिक्षणव्यवस्थेचे जुने दुखणे आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘बाहा’ आणि ‘फॉर्म्युला भारत’ यांसारख्या स्पर्धा देशात होतात. त्यांचे नियम या वादात फार बोलके आहेत. बाहामध्ये इंजिनाची शक्ती सर्वांना सारखीच व मर्यादित दिली जाते. कस लागतो तो रचनेचा. फॉर्म्युला स्टुडंटच्या धर्तीवरच्या शर्यतीत पेट्रोलच्या गाडीला सारी हवा २० मिलिमीटरच्या अरुंद गळ्यातूनच घ्यावी लागते आणि गाडी धावपट्टीवर येण्यापूर्वी तिच्या आवाजाची चाचणी होते. मर्यादा ओलांडली तर ती उतरतच नाही. शक्ती बुद्धीने वाढवावी आणि आवाज आवरावा, हा जर प्रत्यक्ष शर्यतीचा नियम आहे, तर गल्लीबोळात त्याच्या उलट वागणाऱ्याने स्वतःला शर्यतवीर समजावे तरी कसे?

या स्पर्धा पदवीच्या विद्यार्थ्यांपुरत्या आहेत. आयटीआयचा विद्यार्थी आणि गॅरेजमधला मिस्त्री त्यांच्या बाहेरच राहतो. अमरावती व अकोला येथील अभियांत्रिकी महाविद्यालये, आयटीआय आणि परिवहन विभाग यांनी मिळून वर्षातून एकदा, वस्तीपासून दूर, बंदिस्त धावेवर, डॉक्टर व रुग्णवाहिका हजर ठेवून अशी स्पर्धा घ्यावी. कमीत कमी आवाजात अधिकाधिक शक्ती, कमीत कमी इंधनात अधिकाधिक अंतर, असे तिचे निकष असावेत. शंकरपटाला जे पंच, धाव आणि दिवस मिळतात, ते यंत्राच्या हौसेला का मिळू नयेत? ज्या प्रांताने १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घालून शरीराच्या शक्तीला शिस्त लावली, त्याला यंत्राच्या शक्तीला शिस्त लावणे अवघड जाऊ नये.

असो. शासनाचा भाग शासनाने करावा, संस्थांचा संस्थांनी करावा. पण एक भाग घराघरांतून व्हावयाचा आहे. गाडीचा हप्ता बहुधा वडील भरतात, नळकांड्याचे पैसे बहुधा आईकडून मागून घेतलेले असतात. शिक्षक, कारकून, दुकानदार अशा आपल्यासारख्या घरांतूनच या गाड्या रात्री बाहेर पडतात आणि आपल्यासारख्याच घरांपुढून जातात. शेजाऱ्याच्या मुलाबद्दल तक्रार करण्यापूर्वी आपल्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीची नळी एकदा खाली वाकून पाहावी. मूळ सायलेन्सर बहुधा माळ्यावर पडलेला असेल. तो परत बसवायलाही अर्धाच तास लागतो.